राज्याभिषेकाच्या चित्राखाली धुरंधरांचे नाव हवे

मा. संपादक यांस,

स. न. वि. वि.

शिवराज्याभिषेक दिनाच्या आपल्या अंकात पहिल्या पानावर जे रंगीत चित्र छापले गेले, ते पाहून आनंद झाला आणि त्याखालची ओळ वाचून तो बराचसा ओसरला. सिंहासनाधिष्ठित महाराज, दुतर्फा दरबारी मानकरी आणि पुढे लवून मुजरा करणारा इंग्रज वकील हेन्री ऑक्झिंडन, असे ते चित्र महादेव विश्वनाथ धुरंधर यांचे आहे. त्याखाली मात्र ‘छायाचित्र : संग्रहित’ एवढेच शब्द होते. १६७४ साली रायगडावर कोणी कॅमेरा नेला नव्हता, हे आपल्या संपादकीय विभागाला मी सांगायला नको. पाने लावण्याच्या घाईत कोणी नेहमीची ओळ टाकून दिली असेल, हे समजण्यासारखे आहे. शिवाय हे एकट्या आपल्या दैनिकाचे नाही. जूनच्या पहिल्या आठवड्यात चौकाचौकांतील फलकांवर आणि मोबाइलवर फिरणाऱ्या शुभेच्छापत्रांवर हेच चित्र लागते आणि बहुतेक सगळीकडे ते निनावी असते. धुरंधरांचे निधन १ जून १९४४ रोजी झाले. त्यांच्या स्मृतिदिनानंतर पाचच दिवसांनी त्यांचे चित्र घरोघरी पोहोचते आणि ते कोणी काढले, याची चौकशी कोणी करत नाही. माझे म्हणणे याविषयी आहे आणि ते थोडे सविस्तर मांडण्याची मुभा मिळावी.

चित्रकाराचे नाव छापणे हा केवळ सौजन्याचा प्रश्न असता, तर मी चार ओळींत पत्र आटोपले असते. येथे प्रश्न इतिहासाचाही आहे. धुरंधरांचा जन्म १८ मार्च १८६७ रोजी कोल्हापुरात झाला, म्हणजे राज्याभिषेकानंतर जवळजवळ दोनशे वर्षांनी. त्यांनी रंगवलेला दरबार हा वास्तववादी शैलीतला असला तरी तो कल्पनेने उभा केलेला आहे. वास्तववादी शैलीचे सामर्थ्य आणि धोका, दोन्ही येथेच आहेत. कापडाची चुणी, अलंकारांची चमक, गालिच्यावर पडलेली सावली इतकी पटण्याजोगी असते की, पाहणाऱ्याला चित्रकार तेथे हजर होता असे वाटू लागते. चित्राखाली नाव आणि काळ नसेल, तर हा भास पक्का होतो. मग पागोट्याचा घाट असाच होता, सिंहासनाचे नक्षीकाम असेच होते, अमुक मानकरी अमुक ठिकाणी उभा होता, असे वाद या चित्राच्या आधारावर घातले जातात. शाळेतली मुले तर ते निःशंकपणे पुरावा म्हणून स्वीकारतात. ‘महादेव विश्वनाथ धुरंधर (१८६७–१९४४) यांचे कल्पनाचित्र’ एवढी ओळ छापली, तर चित्रकाराला न्याय मिळेल आणि इतिहासाच्या वाचकाला सावधही करता येईल. त्यामुळे चित्राचा मान कमी होईल असे जर कोणाला वाटत असेल, तर त्यांनी अशा चित्रामागची मेहनत जरा समजून घ्यावी.

ऑक्झिंडन स्वतः राज्याभिषेकाला हजर होता आणि त्याने लिहून ठेवलेला वृत्तांत प्रसिद्ध आहे. सिंहासनाच्या दोन्ही बाजूंना सोनेरी भाल्यांच्या टोकांवर राजचिन्हे लावलेली होती, त्यांत मोठ्या दातांची सोन्याची मत्स्यमुखे होती, घोड्यांच्या शेपट्या होत्या आणि न्यायाचे प्रतीक असलेला तराजू होता, असे तो सांगतो. राजवाड्याच्या दरवाजाशी उभे केलेले दोन लहान हत्ती आणि दोन घोडे पाहून ही जनावरे इतक्या अवघड वाटेने वर आणली तरी कशी, याचे त्याला आश्चर्य वाटले होते. चित्रकाराच्या हाती असते ते एवढेच : काही ओळींचे वर्णन, बखरींतले उल्लेख, जुन्या लघुचित्रांतले पोशाख आणि आपल्या काळातल्या संस्थानी दरबारांचे प्रत्यक्ष निरीक्षण. एवढ्या सामग्रीवर दरबारभर माणसे उभी करायची, प्रत्येकाला स्वतःचे शरीर आणि स्वतःची उभे राहण्याची ढब द्यायची, प्रकाश एकाच दिशेने येतो आहे याचे भान शेवटच्या रांगेतल्या भालदारापर्यंत ठेवायचे आणि तरीही पाहणाऱ्याची नजर सिंहासनावरून ढळू द्यायची नाही. गर्दीची रचना हे अकादमिक, म्हणजे युरोपीय कलाशाळांच्या शिस्तीतल्या, चित्रकलेतले सर्वांत कठीण काम मानले जाते, आणि त्या कामात धुरंधरांच्या तोडीचा माणूस त्यांच्या पिढीत मुंबईत क्वचितच होता, असे माझे मत आहे.

हे कौशल्य आले कोठून, ते पाहण्याजोगे आहे. सर जमशेटजी जिजीभाई यांच्या देणगीतून १८५७ साली मुंबईत सुरू झालेल्या कलाशाळेत, म्हणजे आजच्या ‘जेजे’त, धुरंधर १८९० साली विद्यार्थी म्हणून दाखल झाले. तेव्हा तेथे जॉन ग्रिफिथ्स प्रमुख होते. अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती विद्यार्थ्यांकडून वर्षानुवर्षे करवून घेणारे हेच ते ग्रिफिथ्स. शिक्षणाचा क्रम इंग्लंडातल्या कलाशाळांच्या धर्तीवर आखलेला होता. आधी ग्रीक-रोमन पुतळ्यांच्या प्लास्टरच्या प्रतिकृती समोर ठेवून अँटिकचा अभ्यास, मग स्थिरचित्र, यथार्थदर्शन, शरीररचना आणि त्यानंतर समोर बसवलेल्या माणसावरून व्यक्तिचित्रण. हा क्रम आज कंटाळवाणा वाटतो, आणि केवळ तेवढ्यावर थांबणाऱ्यांच्या बाबतीत तो खरोखरच कंटाळवाणा ठरला. धुरंधर तेवढ्यावर थांबले नाहीत. वर्गात मिळवलेली शिस्त घेऊन ते रस्त्यावर, देवळांत, लग्नघरांत आणि बाजारांत गेले. १८९५ साली ‘हॅव यू कम लक्ष्मी?’ या चित्राला बॉम्बे आर्ट सोसायटीचे सुवर्णपदक मिळाले, तेव्हा परीक्षकांपुढे होती ती मराठी घरातली स्त्री आणि मराठी घरातली श्रद्धा. तंत्र परदेशातून आलेले आणि विषय माजघरातला, ही सांगड त्यांनी विद्यार्थिदशेतच घातली होती.

त्यानंतरच्या वर्षी ते त्याच शाळेत शिक्षक झाले आणि १९३१ साली निवृत्त होईपर्यंत तेथेच राहिले. विद्यार्थी, शिक्षक, हेडमास्तर आणि शेवटच्या काळात संचालकपदाची सूत्रे सांभाळणारे पहिले भारतीय, असा हा प्रवास आहे. ‘कलामंदिरातील एकेचाळीस वर्षे’ या त्यांच्या आत्मचरित्राच्या नावातली वर्षे तीच. ते पुस्तक चित्रकलेच्या विद्यार्थ्यांइतकेच मुंबईच्या सामाजिक इतिहासाच्या अभ्यासकांनीही वाचावे असे आहे. सरकारी नोकरी, साहेबी वरिष्ठ, संस्थानिकांची कामे आणि पाठारे प्रभू समाजातले घरगुती जीवन या सगळ्यांचा मेळ एका मध्यमवर्गीय माणसाने कसा घातला, ते त्यात दिसते. या आयुष्यात दुःखाचे प्रसंग कमी नव्हते. मुंबईत प्लेगने थैमान घातले, त्या १८९७ साली त्यांच्या पहिल्या पत्नीचे, बापूबाईंचे, निधन झाले. परंतु धुरंधरांच्या हातून काम थांबल्याचे कधी दिसत नाही. कागदावर सही आणि तारीख घालण्याची त्यांची सवय अशी की, त्यांची रेखाटने ओळीने लावली तर ती रोजनिशीसारखी वाचता यावीत.

येथे मला एक मतभेद नोंदवायचा आहे, तोही धुरंधरांच्या चाहत्यांशीच. त्यांचे नाव निघाले की, पौराणिक आणि ऐतिहासिक प्रसंगांची मोठी तैलचित्रे पुढे केली जातात. ती चित्रे मोठ्या ताकदीची आहेत यात शंका नाही, पण त्यांतली पुष्कळशी संगीत रंगभूमीच्या छायेत वावरतात. पात्रे प्रेक्षकांकडे अर्धे वळून उभी राहतात, हात भाव दाखवण्यासाठी उचललेले असतात आणि स्त्रियांचे चेहरे एकाच सुंदर मुखवट्यावरून घेतल्यासारखे भासतात. राजा रविवर्म्यांच्या चित्रांनी आणि छापखान्याने लोकांची जी आवड घडवली होती, तिचा हा दाब होता. राज्याभिषेकाचे चित्रही या दोषातून पूर्ण सुटलेले नाही. धुरंधर खऱ्या अर्थाने मोकळे होतात ते कागदावर, जलरंगांत आणि शाईत, कोणत्याही राजेसाहेबांच्या आज्ञेवाचून. माझ्या दृष्टीने त्यांचे थोरपण तेथे आहे, आणि नेमके तेच काम आज सर्वांत कमी पाहिले जाते.

विसाव्या शतकाच्या पहिल्या वर्षांत त्यांच्या चित्रांची पोस्टकार्डे निघाली. मुंबईच्या रस्त्यावरची माणसे हा त्यांचा विषय. त्यांतली एक नखरेल मोलकरीण विशेष गाजली आणि जुन्या पोस्टकार्डांच्या संग्राहकांमध्ये आजही ती प्रसिद्ध आहे. त्या काळी परदेशी पर्यटकांसाठी ‘नेटिव्ह टाइप्स’ म्हणून जी छायाचित्रे विकली जात, त्यांत माणूस एखाद्या नमुन्यासारखा उभा केलेला असे. धुरंधरांच्या पोस्टकार्डांतली माणसे अशी उभी नाहीत. ती कोठून तरी कोठे तरी निघालेली आहेत, त्यांचे कोणाशी तरी काही तरी चाललेले आहे. त्यांत थट्टा आहे, पण ती गल्लीतल्या माणसाने गल्लीतल्या माणसाची केलेली आहे.

पुस्तकांसाठी काढलेल्या चित्रांचेही तेच. मुंबईचे पोलीस आयुक्त असलेले एस. एम. एडवर्ड्स यांचे ‘बाय-वेज ऑफ बॉम्बे’ १९१२ साली निघाले. मोहरम, कसुंब्याचा म्हणजे अफूच्या पेयाचा अड्डा, सिद्दी, भंडारी, कोळी अशा त्यांच्या नजरेला पडलेल्या मुंबईची ती टिपणे आहेत आणि त्यांना धुरंधरांची चित्रे आहेत. पोलीस अधिकारी शहराकडे जसे पाहील तसे एडवर्ड्स पाहतात. चित्रकार मात्र त्याच गल्लीत राहणाऱ्या माणसासारखे पाहतो, आणि लेखन व चित्र यांच्यातला हा फरक मला फार बोलका वाटतो. १९२० साली सनदी अधिकारी ऑटो रॉथफील्ड यांचे ‘विमेन ऑफ इंडिया’ हे पुस्तक आले. निरनिराळ्या प्रांतांतील आणि जातींतील स्त्रियांची वर्गवारी करणाऱ्या या पुस्तकाचा मजकूर आज वाचवत नाही. पण धुरंधरांनी त्यासाठी काढलेली रंगीत चित्रे वेषभूषेच्या अभ्यासकाला अजून उपयोगी पडतात, कारण लुगडे कसे नेसले जाते, पदर कोठून कोठे जातो आणि चालताना निरीचे काय होते, हे त्यांना पक्के ठाऊक होते. नऊवारी नेसलेली स्त्री बसते कशी, उठते कशी आणि कमरेवर घागर घेताना अंगाचा तोल कसा सावरते, हे ज्याला पाहायचे असेल त्याने हीच चित्रे पाहावीत. अकादमिक शिक्षणात शरीररचनेचा जो अभ्यास झाला, त्याचे चीज येथे झाले आहे; वस्त्राच्या आत शरीर आहे, याची जाणीव प्रत्येक रेषेत आहे.

या पुस्तकांपैकी मराठी वाचकाच्या सर्वांत जवळचे आहे ते सनदी अधिकारी सी. ए. किंकेड यांचे ‘डेक्कन नर्सरी टेल्स’. ते १९१४ साली प्रसिद्ध झाले. नाव इंग्रजी असले तरी आतला ऐवज अस्सल मराठी आहे, कारण या आपल्या वारांच्या आणि व्रतांच्या कहाण्या आहेत. आदित्यराणूबाईची, नागोबाची, दिव्यांच्या अवसेची, अशा ज्या कहाण्या ‘आटपाट नगर होतं’ म्हणत घरोघरी सांगितल्या गेल्या, त्या किंकेड यांनी इंग्रजीत नेल्या आणि त्यांना चित्रे काढून दिली धुरंधरांनी. परक्या मुलांसाठी काढलेल्या या चित्रांत त्यांना काही समजावून सांगावे लागले असेल, पण स्वतःला काही शोधावे लागले नसणार. देवघर, राजवाडा, ओसरी, वाण देणाऱ्या बायका हे सारे त्यांच्या ओळखीचेच होते.

सरकारदरबारीही त्यांची कदर झाली, ‘रावबहादूर’ हा किताब मिळाला, नवी दिल्लीत उभ्या राहणाऱ्या सचिवालयासाठी न्यायदानाच्या प्रसंगांची मोठी चित्रे काढण्याचे काम आले आणि रेल्वेसाठी जाहिरातीची चित्रेही त्यांनी केली. औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी हे स्वतः चित्रकार आणि जाणकार संग्राहक. त्यांनी १९३८ साली यमाईच्या डोंगरावर उभारलेल्या श्री भवानी संग्रहालयात धुरंधरांची चित्रे आहेत, ती सातारा जिल्ह्याबाहेरच्या वाचकांनीही वाट वाकडी करून पाहावीत.

मग इतके सारे असूनही हे नाव लोकांच्या ओठांवर का नाही? याची कारणे शोधायला फार दूर जावे लागत नाही. धुरंधर शिकवत होते त्याच काळात कलकत्त्याला तेथील कलाशाळेचे प्रमुख हॅवेल आणि चित्रकार अवनींद्रनाथ ठाकूर यांनी पाश्चात्त्य वास्तववादाला नकार देऊन अजिंठा आणि मुघल लघुचित्रांकडे तोंड वळवले होते. राष्ट्रीय कला कोणती या वादात मुंबईची अकादमिक शैली ही साहेबाची नक्कल ठरवली गेली. पुढे १९४७ साली सूझा, रझा, हुसेन, आरा, गाडे आणि बाकरे यांचा प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रूप आला, आणि त्यांना तर जेजेची ही सगळी परंपराच मोडायची होती. नव्या पिढीने जुन्या पिढीशी भांडावे, हे योग्यच आहे. तसे भांडण झाले नसते तर आपली चित्रकला गोठून गेली असती. पण भांडण झाले ते चित्रकारांचे आपापसांत, आणि त्याचा निवाडा समजून समीक्षकांनी धुरंधरांची फाइलच बंद करून टाकली, हे काही योग्य झाले नाही. ज्यांना साहेबाची नक्कल म्हटले गेले, त्या चित्रांतली माणसे, घरे, सण आणि पोशाख पाहिले तर नक्कल नेमकी कशाची, असा प्रश्न मला पडतो. तंत्र बाहेरून आले एवढ्यानेच कला परकी ठरत असेल, तर आपली कादंबरी आणि हार्मोनियमवर चालणारी संगीत नाटकेही परकीच म्हणावी लागतील.

धुरंधरांचे काम एकत्र राहिले, याचे मोठे श्रेय त्यांच्या कन्या अंबिका धुरंधर यांना द्यायला हवे. १९१२ साली जन्मलेल्या अंबिकाबाई स्वतः चित्रकार होत्या. जेजेतून पदविका मिळवणाऱ्या पहिल्या काही स्त्रियांपैकी त्या एक. २००९ साली वयाच्या सत्त्याण्णवाव्या वर्षी त्यांचे निधन झाले, तोवर खारच्या घरात वडिलांची चित्रे, रेखाटने आणि कागदपत्रे त्यांनी जपली. मुंबईच्या दमट हवेत कागद सांभाळणे म्हणजे काय, हे ज्याने केले त्यालाच कळेल. वाळवी, बुरशी आणि पावसाळी ओल यांच्याशी दर वर्षी नव्याने लढावे लागते. स्वतःच्या चित्रांकडे पाहायला त्यांना किती वेळ उरला असेल, याचा विचार केला की वाईट वाटते. ‘माझी स्मरणचित्रे’ हे त्यांचे आत्मकथन वडिलांच्या आत्मचरित्राच्या शेजारी ठेवून वाचावे. राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयाच्या मुंबईतील दालनात २०१८ साली धुरंधरांचे मोठे प्रदर्शन भरले, तेव्हा जी शेकडो चित्रे लोकांना पाहायला मिळाली, त्यांमागे या बाईंची काही दशकांची राखण होती.

नाव न छापण्याचे परिणाम कोठवर जातात, याचा आणखी एक दाखला येथे देतो, कारण तो धुरंधरांच्याच परंपरेतला आहे. सावंतवाडीचे सावळाराम लक्ष्मण हळदणकर जेजेत शिकले आणि पुढे जलरंगांतले अव्वल दर्जाचे चित्रकार झाले. हातातल्या समईच्या ज्योतीवर तळवा धरून उभी असलेली स्त्री, हे त्यांचे ‘ग्लो ऑफ होप’ नावाचे जलरंगचित्र म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात आहे आणि ते पाहायला देशभरातून लोक जातात. त्यासाठी त्यांची कन्या समोर उभी होती. हे चित्र गेल्या शतकातल्या चाळिशीतले, आणि रविवर्म्यांचे निधन झाले १९०६ साली. तरीही दिनदर्शिका, भेटकार्डे आणि समाजमाध्यमे यांवर ते राजा रविवर्म्यांच्या नावाने आजही बिनदिक्कत फिरते. जे चित्र निनावी सोडले जाते, ते कालांतराने सर्वांत प्रसिद्ध नावाच्या खात्यावर जमा होते, असाच आजवरचा अनुभव आहे. धुरंधरांच्या राज्याभिषेकाच्या बाबतीत तर ते कोणाच्याच खात्यावर नाही; ते थेट ‘संग्रहित छायाचित्र’ होऊन बसले आहे.

कायद्याची अडचण येथे काहीच नाही. आपल्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे चित्रकाराच्या निधनानंतर साठ वर्षे हक्क राहतो. धुरंधरांच्या बाबतीत ती मुदत २००४ अखेर संपली. त्यांची प्रसिद्ध झालेली चित्रे छापायला आता कोणाची परवानगी लागत नाही, कोणाला मानधन द्यावे लागत नाही. विनामूल्य मिळालेल्या चित्राखाली एक ओळ छापण्याचा खर्च तेवढा उरतो. माझी विनंती अशी की, आपल्या दैनिकाने हा आपल्यापुरता नियमच करावा. कोणतेही चित्र, मग ते शिवरायांचे असो, संतांचे असो वा देवादिकांचे, चित्रकाराच्या नावावाचून छापू नये. नाव ठाऊक नसेल तर ‘चित्रकार अज्ञात’ असे छापावे, आणि प्रसंग जुना व चित्र नंतरचे असेल तर ‘कल्पनाचित्र’ हा शब्द त्यात असावा. बातमीदाराचे नाव छापले जाते, छायाचित्रकाराचे नाव छापले जाते, मग चित्रकारानेच काय घोडे मारले आहे? पाठ्यपुस्तके तयार करणाऱ्या मंडळींनीही हीच शिस्त पाळली, तर पुढच्या पिढीला हे शिकवत बसावे लागणार नाही. ज्या संस्थांच्या आणि कुटुंबांच्या संग्रहात धुरंधरांची मूळ चित्रे व रेखाटने आहेत, त्यांनी ती आकार, माध्यम आणि वर्ष यांच्या नोंदीसह टप्प्याटप्प्याने सर्वांसाठी खुली केली, तर कलाशिक्षकांचे मोठे काम होईल. माझ्यासारख्या शिक्षकांनी वर्षानुवर्षे मुलांना धुरंधर दाखवले ते झेरॉक्सच्या झेरॉक्सवरून; त्यांतून मुलांना काय दिसले असेल, देव जाणे.

जाता जाता एक सूचना. श्रावण महिना फार लांब नाही. दर वर्षी आपण पुरवणीत वारांच्या कहाण्या छापता आणि त्यांच्यासोबत संगणकावर तयार केलेली, सगळ्या दैनिकांत सारखीच दिसणारी देवीदेवतांची चित्रे देता. यंदा त्या जागी १९१४ च्या पुस्तकातली धुरंधरांची चित्रे छापावीत. त्या पुस्तकाच्या जुन्या प्रती मोठ्या ग्रंथालयांत मिळतात आणि त्याच्या संगणकीय प्रतीही उपलब्ध आहेत. पहिल्या रविवारी आदित्यराणूबाईपासून सुरुवात करता येईल.

कळावे, लोभ असावा.

आपला नम्र,
एक निवृत्त कलाशिक्षक,
कोल्हापूर